मनाची रोजकीर्द : नैराश्यात दैनिक नोंदींचा उपयोग

दुकानदार दिवसभराची देवघेव त्याच दिवशी रोजकीर्दीत उतरवितो आणि पुढे सवडीने ती खतावणीत घेतो. हे काम तो स्मरणशक्तीवर सोपवीत नाही; कारण आठ दिवसांपूर्वी कोणाला किती माल उधार दिला, हे आठवताना मनुष्याची चूक होते हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. मनाच्या व्यवहाराचेही असेच आहे. गेला आठवडा कसा गेला, असे विचारल्यास मनुष्य आठवून उत्तर देतो, आणि ते आठवणे त्याच्या त्या क्षणीच्या मनःस्थितीने रंगलेले असते. नैराश्य या विकारात तर स्मृतीचा काटा एकाच बाजूस झुकतो. म्हणूनच या विकाराच्या उपचारांत त्या त्या दिवशी केलेल्या लेखी नोंदींना महत्त्वाचे स्थान मिळाले आहे. ही नोंद कशी करावी, तिच्यापासून काय कळते आणि तिच्या मर्यादा कोणत्या, यांचा विचार प्रस्तुत पुस्तिकेत केला आहे.

नैराश्य म्हणजे काय

परीक्षेतील अपयश, आप्ताचा वियोग, पिकाची हानी अशा प्रसंगी मन खिन्न होणे स्वाभाविक आहे. अशी खिन्नता कालांतराने ओसरते आणि मधूनमधून मन तिच्यातून बाहेरही येते. ज्याला नित्याच्या बोलण्यात डिप्रेशन म्हणतात ते नैराश्य याहून वेगळे होय. त्यात दिवसाचा बहुतेक भाग, जवळजवळ रोज आणि निदान दोन आठवडे मन उदास राहते, किंवा पूर्वी आवडणाऱ्या कोणत्याच गोष्टीत गोडी वाटत नाही. त्याबरोबर झोप व भूक कमी किंवा जास्त होते, अंगात त्राण राहत नाही, चित्त एकाग्र होत नाही, आपण निरुपयोगी किंवा अपराधी आहोत असे वाटत राहते, आणि कित्येकांच्या मनात मरणाचे विचार येतात. परिणामी शाळा, घर, शेत किंवा कचेरी येथील नित्याची कामे अडतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात सुमारे २८ कोटी लोकांना हा विकार होता. बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने, म्हणजे निम्हान्सने, २०१५–१६ साली भारतातील १२ राज्यांत पाहणी केली. तीत प्रौढांपैकी दर २० जणांमागे सुमारे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्य आल्याचे दिसून आले. त्या वेळी नैराश्याने ग्रस्त असलेल्या दर १०० पैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नव्हते. तेव्हा हा विकार दुर्मिळ नाही. दुर्मिळ आहेत ते उपचार. आळस, दुबळेपणा किंवा श्रद्धेचा अभाव अशी नावे देऊन त्याची बोळवण करणे शास्त्राला धरून नाही.

नैराश्यात स्मृती साक्ष कशी देते

१९७५ साली लंडन येथे लॉइड आणि लिशमन या दोन मनोविकारतज्ज्ञांनी नैराश्याच्या रुग्णांवर एक साधा प्रयोग केला. रुग्णाला एक शब्द द्यावयाचा आणि त्यावरून एखादी सुखद किंवा एखादी दुःखद आठवण सांगण्यास किती वेळ लागतो, ते मोजावयाचे. नैराश्य जितके तीव्र, तितकी दुःखद आठवण सुखद आठवणीच्या मानाने लवकर हाती लागते, असे त्यांना आढळून आले. सुखाचे प्रसंग घडलेच नव्हते असा याचा अर्थ नव्हे. ते स्मृतीच्या मागच्या खणात गेलेले असतात.

१९८६ साली विल्यम्स आणि ब्रॉडबेंट या ब्रिटिश संशोधकांनी दुसरी गोष्ट दाखविली. जीव देण्याच्या प्रयत्नातून वाचलेल्या रुग्णांना एखादा विशिष्ट प्रसंग आठवण्यास सांगितले असता त्यांची उत्तरे मोघम येत. ‘गेल्या गुरुवारी बहिणीशी बोललो तेव्हा बरे वाटले’ असे न सांगता ‘लोकांशी बोलून काही उपयोग होत नाही’ अशा सर्वसाधारण निष्कर्षाकडे ते वळत. प्रसंग पुसट होतो आणि निष्कर्ष तेवढा उरतो.

या दोन्ही गोष्टी एकत्र घेतल्या म्हणजे धोका ध्यानात येतो. ‘मला कधीच बरे वाटत नाही, पुढेही वाटणार नाही’ हे नैराश्याने दिलेले मत रुग्णाला अनुभवसिद्ध सत्य वाटते. त्या मताच्या आधारे तो औषध सोडतो, नोकरीचा राजीनामा देतो, मित्रांकडे जाणे थांबवितो. कधी आपले आयुष्य संपविण्याचाही विचार करतो. ज्या साक्षीवर हे निर्णय होतात ती साक्षच विकाराने बिघडलेली असते. त्या त्या वेळी लिहिलेली नोंद ही दुसरी साक्ष होय, आणि पहिलीपेक्षा ती अधिक भरवशाची असते.

नोंदींचा शास्त्रीय इतिहास

मनोविकारांचा क्रम लिहून पाहण्याची रीत जुनी आहे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन (१८५६–१९२६) यांनी आपल्या रुग्णांच्या आजारातील चढउतार वर्षवार तक्त्यांत रंगांनी दाखविले. मात्र ती नोंद वैद्य करीत असे. रुग्णाने स्वतःच दररोज नोंद करावी, ही कल्पना पुढे रुजली.

अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठात पीटर लुइन्सन आणि त्यांचे सहकारी लिबेट यांनी काही व्यक्तींकडून ३० दिवस रोज दोन गोष्टी लिहून घेतल्या : त्या दिवशी कोणत्या सुखद गोष्टी केल्या, आणि मन कसे होते. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, सुखद गोष्टी अधिक घडलेल्या दिवशी मनही अधिक चांगले असते असा संबंध आढळला. परंतु हा संबंध व्यक्तिपरत्वे कमीअधिक होता. म्हणजे एकाला उपकारक ठरलेली गोष्ट दुसऱ्याला ठरेलच असे नाही. प्रत्येकाने स्वतःची नोंद स्वतःच करण्याचे कारण हेच.

याच सुमारास फिलाडेल्फिया येथील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात आरन बेक (१९२१–२०२१) यांनी विचारांवर आधारलेली उपचारपद्धती विकसित केली. रुग्णाच्या मनात क्षणार्धात येऊन जाणारे विचार त्याने कागदावर पकडावेत आणि नंतर ते पुराव्यावर तपासावेत, हा त्या पद्धतीचा एक मुख्य भाग होय. १९७९ साली बेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला आणि विचारांच्या नोंदीचा तक्ता जगभर वापरात आला.

काय लिहावे आणि कसे लिहावे

नैराश्यात लेखणी उचलणेही जड जाते. म्हणून नोंद लहान असावी. साध्या वहीचे एक पान एका दिवसाला पुरे. दिवसातून चार-पाच वेळा, किंवा ते न जमल्यास दुपारी व सायंकाळी, पुढील गोष्टी लिहाव्यात : वेळ, त्या वेळी केलेले काम, बरोबर कोण होते, आणि मनाची स्थिती ० ते १० या अंकांत. ० म्हणजे अत्यंत वाईट आणि १० म्हणजे उत्तम. झोपण्याची व जाग येण्याची वेळ, जेवण आणि औषध घेतले की नाही, यांचीही एका ओळीत नोंद ठेवावी.

केवळ नमुन्यादाखल, तालुक्याच्या गावातील एका शिक्षिकेच्या वहीतील एक दिवस असा असू शकेल :

मंगळवार. जाग पहाटे ४ वाजता, पडून राहिले.
सकाळी ७ : चहा, एकटी. मन २.
सकाळी ११ : पाचवीचा तास घेतला. मन ४.
दुपारी २ : डबा अर्धा खाल्ला, शिक्षकांच्या खोलीत गेले नाही. मन ३.
सायंकाळी ५ : मैत्रिणीबरोबर बाजारातून चालत घरी. मन ५.
रात्री ९ : जेवणानंतर अंथरुणात, मोबाइल पाहत. मन २.

या नोंदीत वर्णन नाही, तक्रार नाही आणि उपदेशही नाही. असे असूनही तिच्यातून बरेच काही कळते. मन सकाळी सर्वांत खाली असते आणि दिवस चढतो तसे थोडे वर येते. तीव्र नैराश्यात हे पुष्कळदा आढळते; पहाटे लवकर जाग येणे हेही त्याचे लक्षण आहे. एकटेपणात अंक खाली जातो आणि सोबत असता वर येतो.

नोंद त्याच दिवशी व्हावी. मागाहून आठवून भरलेली पाने दिसावयास नीटनेटकी असली, तरी ती पुन्हा स्मृतीचीच साक्ष असतात. २००२ साली अमेरिकेत स्टोन व सहकाऱ्यांनी जुन्या दुखण्यांच्या रुग्णांना कागदी नोंदवह्या दिल्या आणि वही केव्हा उघडली जाते हे टिपणारे साधन तिच्या आवरणात बसविले. रुग्णांच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे ९० टक्के नोंदी वेळच्या वेळी झाल्या होत्या; प्रत्यक्षात असे प्रमाण ११ टक्केच होते. यावरून घ्यावयाचा बोध सरळ आहे : राहिलेला दिवस कोरा सोडावा. कोरे पान हीदेखील एक माहितीच आहे.

ज्यांना लिहिता येत नाही किंवा लिहिण्याइतके बळ नाही, त्यांना भिंतीवरील दिनदर्शिकेत रोज एक अंक किंवा एक खूण करता येईल.

आठवड्याची खतावणी

रोजच्या नोंदींचा खरा उपयोग आठवड्याच्या शेवटी होतो. वरील शिक्षिका शनिवारी रात्री कदाचित म्हणेल, ‘सगळा आठवडा वाईट गेला.’ वहीत मात्र मंगळवारी व शुक्रवारी चालत घरी येताना ५ हा अंक आहे, पाचवीच्या तासाला बहुतेक ४ आहे, आणि ज्या दुपारी ती अंथरुणात पडून राहिली त्या दुपारी १ आहे. आठवडा चांगला गेला असे वही म्हणत नाही. तो सर्व सारखा नव्हता एवढेच ती दाखविते. नैराश्यात हे एवढे दिसणेही मोलाचे आहे.

येथे एक शंका येईल. चालल्यामुळे मन वर आले, की मन थोडे वर होते म्हणून चालणे जमले? एका आठवड्याच्या नोंदीवरून हे सांगता येत नाही. त्यासाठी पुढील आठवड्यात प्रयोग करावा लागतो. चालण्याचे वार व वेळ आधीच ठरवून लिहावयाचे, मनाची वाट न पाहता त्या वेळी निघावयाचे आणि अंक पुन्हा टिपावयाचे. इच्छा झाली म्हणजे काम करू, ही निरोगी मनाची रीत आहे. नैराश्यात क्रम उलटा ठेवावा लागतो : आधी लहानसे काम, मग यथाकाल इच्छा. कामही झेपेल असेच घ्यावे. घर आवरावयाचे असे न ठरविता एक खण आवरावयाचा असे ठरवावे.

ही पद्धती केवळ कल्पनेवर आधारलेली नाही. अमेरिकेत सिअॅटल येथे नील जेकब्सन व सहकाऱ्यांनी सुमारे १५० रुग्णांवर केलेल्या, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कृतीला चालना देणारा भाग एकटाच वापरला तरी तो संपूर्ण विचारोपचाराइतकाच गुणकारी ठरला. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली हीच दिशा धरली. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ प्रौढांचा हा अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात समुपदेशन करणारे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण घेतलेले स्थानिक लोक होते. त्यांनी सहा ते आठ भेटींत रुग्णांना उपयुक्त व आनंददायी कामांकडे पुन्हा वळण्यास साहाय्य केले. तीन महिन्यांनंतर, हे साहाय्य मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण विकारमुक्त झाले होते. केवळ आरोग्य केंद्रातील उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. हे यश एकट्या वहीचे नव्हे. त्यात समजूतदार माणसाची सोबत होती आणि नियमित भेटी होत्या. वही हे त्या सोबतीचे उपकरण आहे; ती सोबतीची जागा घेऊ शकत नाही.

विचारांची नोंद

कामांची नोंद दोन-तीन आठवडे अंगवळणी पडल्यावर, आणि शक्यतो समुपदेशकाच्या मार्गदर्शनाखाली, विचारांची नोंद करता येते. त्यासाठी पानावर पाच रकाने आखावेत : प्रसंग, त्या क्षणी मनात आलेला विचार, भावना व तिची तीव्रता, त्या विचाराच्या बाजूचा आणि विरुद्ध असा दोन्ही पुरावा, आणि सर्व पाहून अधिक यथार्थ वाटणारा विचार.

उदाहरणार्थ, मुख्याध्यापक व्हरांड्यातून न बोलता पुढे गेले, हा प्रसंग. ‘मी त्यांच्या लेखी निरुपयोगी आहे’ हा विचार. दुःख, १० पैकी ८. बाजूचा पुरावा : ते बोलले नाहीत. विरुद्ध पुरावा : ते त्या वेळी फोनवर होते, गेल्याच आठवड्यात परीक्षेचे वेळापत्रक करण्याचे काम त्यांनी सोपविले. यथार्थ विचार : ते घाईत होते, माझ्याविषयी त्यांचे मत यावरून ठरत नाही. मग दुःखाचा अंक पुन्हा लिहावा. तो ५ झाला तरी पुष्कळ झाले.

मनाची खोटी समजूत घालणे असा याचा अर्थ नव्हे. तपासाअंती विचार खरा निघाला, तर ती सोडवावयाची अडचण आहे असे समजून पुढील पाऊल ठरवावे.

लेखन केव्हा अपाय करते

प्रत्येक लेखन उपकारक असतेच असे नाही. ‘हे माझ्याच वाट्याला का? मी असा का?’ हे प्रश्न पानामागून पान लिहीत राहिल्यास ते दुःखाचे चर्वितचर्वण होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा (१९५९–२०१३) यांनी या सवयीचा विशेष अभ्यास केला. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी सॅन फ्रान्सिस्को परिसरात भूकंप झाला. त्याच्या १४ दिवस आधी त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांची मनःस्थिती व सवयी नोंदवून घेतल्या होत्या. भूकंपानंतर १० दिवसांनी आणि पुन्हा ७ आठवड्यांनी पाहता, ज्यांना आधीपासूनच दुःख मनात घोळवीत बसण्याची सवय होती, त्यांच्यात नैराश्याची लक्षणे अधिक आढळली.

मन मोकळे करणाऱ्या लेखनाचा अभ्यासही झाला आहे. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, विद्यार्थ्यांनी सलग चार रात्री १५ मिनिटे आपल्या आयुष्यातील आघाताविषयी लिहिले. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या त्यांना लिहिल्यानंतर लगेच अधिक वाईट वाटले. परंतु पुढील सहा महिन्यांत ते आजारपणासाठी दवाखान्यात कमी वेळा गेले. मात्र हे विद्यार्थी नैराश्याचे रुग्ण म्हणून निवडलेले नव्हते. म्हणून तीव्र नैराश्यात जुने आघात एकट्याने उकरणे टाळावे.

यावरून काही साधे नियम निघतात. लेखन दिवसाकाठी १०–१५ मिनिटांपेक्षा अधिक नसावे. ते रात्री अंथरुणात करू नये. ‘का’ या प्रश्नापेक्षा ‘काय, केव्हा, कोठे, कोणाबरोबर’ या प्रश्नांची उत्तरे लिहावीत. पानाची अखेर उद्याच्या एका लहान कामाने करावी. आठवडाभर लिहिल्यानंतर मन अधिकच खाली जात असल्याचे दिसल्यास लेखन थांबवून सल्ला घ्यावा.

वही आणि डॉक्टर

डॉक्टरांपुढील दहा मिनिटांत रुग्णाला पुष्कळदा काहीच सुचत नाही. अशा वेळी चार आठवड्यांची वही त्याच्या वतीने बोलते. नैराश्यावरील औषधांचा गुण येण्यास सामान्यतः दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. पहिल्या दिवसांत त्रास तेवढे जाणवतात. झोप व भूक यांत झालेली थोडी सुधारणा वहीत दिसली, तर औषध मध्येच सोडण्याचा प्रसंग टळतो. औषध बदलणे किंवा थांबविणे हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावे.

निदानासही वहीचे साहाय्य होते. मधूनच काही दिवस झोप अगदी कमी असूनही उत्साह अमर्याद, खर्च बेसुमार आणि बोलणे वेगवान असल्याची नोंद आढळली, तर तो द्विध्रुवी विकार असू शकतो आणि त्याचे उपचार निराळे असतात. स्त्रियांनी मासिक पाळीच्या तारखा लिहाव्यात. पाळीपूर्वी येणाऱ्या तीव्र औदासीन्याचे निदान पक्के करण्यास निदान दोन पाळ्यांची दैनिक नोंद लागते, नुसती आठवण पुरत नाही. थायरॉइड ग्रंथीचे मांद्य व रक्तक्षय यांतही थकवा आणि उदासी येते, म्हणून डॉक्टर रक्ताची तपासणी करवितात. वहीवरून निदान स्वतःच करू नये.

घरातील व शाळेतील वडीलधाऱ्यांनी एक पथ्य पाळणे अगत्याचे आहे. ही वही लिहिणाराची असते. ती चोरून वाचल्यास नोंदी खोट्या होऊ लागतात किंवा बंद पडतात, आणि विश्वासही तुटतो. शिक्षकाने ती गुणांसाठी तपासण्याचा विषय करू नये. ‘तुला दाखवावेसे वाटले तर मी आहे’ एवढे सांगणे पुरेसे आहे.

वही मिटावयाची वेळ

मरणाचे विचार मनात वारंवार येऊ लागले, तर ते नुसते लिहून ठेवण्याचा विषय राहत नाही. त्या क्षणी वही मिटून जवळच्या माणसाला सांगावे. ऐकणाऱ्याने उपदेश न करता ऐकावे, स्पष्टपणे विचारावे आणि धोका वाटल्यास त्या व्यक्तीला एकटे न सोडता रुग्णालयात न्यावे. अशा विचारांविषयी सरळ विचारल्याने ते बळावतात, हा समज चुकीचा आहे. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर ती दिवसरात्र विनामूल्य मिळते आणि तेथे मराठीतही बोलता येते.

समारोप

रोजकीर्द लिहिल्याने दुकानदाराचे कर्ज फिटत नाही. परंतु कोठे किती येणे व देणे आहे हे कळल्यावाचून ते फेडताही येत नाही. दैनिक नोंदीने नैराश्य आपोआप जात नाही. उपचार, माणसांची सोबत आणि पुरेसा काळ यांची गरज राहतेच. नोंद एवढेच करते की, ‘कधीच नाही’ आणि ‘सर्वच वाईट’ या नैराश्याच्या दोन निर्णयांपुढे ती वार, वेळ आणि अंक ठेवते. शुक्रवारी सायंकाळी ५ वाजता मन ५ होते, हे एकदा लिहिले गेले म्हणजे रविवारच्या अंधारात ते विसरता येते, पण खोडता येत नाही. आजारी मनाला धरून चालण्यासाठी एवढा आधार पुष्कळदा पुरतो, आणि तो एका वहीत व दिवसाच्या दहा मिनिटांत मिळू शकतो.